नोझल वाढवलं, पण हवा कुठनं आणायची?



यंदाच्या गाळपात आमच्या ट्रॅक्टरचं जे झालं ते लिहावं का नको, असं दोन महिने मनात चाललं होतं. चूक आपलीच असली की हात आखडतो. पण परवा शेजारच्या गावातल्या एका पोराचा फोन आला. "आण्णा, तुम्ही मोठं नोझल टाकलं होतं म्हणं, ओढ कितीनं वाढली?" त्याला अर्धा तास बोललो, आणि फोन ठेवल्यावर म्हटलं, हे आता सगळ्यांसाठी लिहायलाच पाहिजे. आपल्या सोलापूर जिल्ह्यात ऊस ओढणारे ट्रॅक्टर काय थोडेथोडके नाहीत, आणि दिवाळी झाली की दर दुसरा माणूस मिस्त्रीला हेच विचारत असतो : पंप वाढवू का? नोझल मोठं टाकू का?

आधी आमची परिस्थिती सांगतो. ट्रॅक्टर तीन सिलेंडरचा, अडीच लिटर इंजिन, टर्बो नाही, पंप जुन्या पद्धतीचा यांत्रिक. सात हंगाम झालेला. मागं दोन ट्रॉल्या. ऊस बराचसा भीमेच्या काठच्या मळीतला. मळीतून वर डांबरी रस्त्याला लागायचं तर मध्ये एक चढ आहे. लांबी फार नाही, पण भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन तिथं ट्रॅक्टर पार रडकुंडीला यायचा. सगळ्यात खालच्या गिअरला घेऊन कसाबसा वर. मागं चार वाहनं खोळंबलेली. ड्रायव्हर पोरगा तरणा, त्याला त्याचा कमीपणा वाटायचा. आणि खरं सांगायचं तर मलापण वाटायचा.

हंगाम लागल्यावर आठच दिवसांत मिस्त्रीला गाठलं. तो म्हणाला, "मालक, मोठ्या भोकाचं नोझल टाकू आणि पंपाचा स्क्रू जरा खोलू. अर्ध्या दिवसाचं काम." केलं. दुसऱ्या दिवशी तो चढ ट्रॅक्टर एक गिअर वर चढला. सायलेन्सरातनं असा काळा लोट की मागचा ऊस दिसंना. पोरगा खूश. वाटेत लोक विचारायला लागले, काय केलं म्हणून. घरी आमचे तात्या कडुलिंबाखाली बसलेले असतात. त्यांनी उभा जन्म विहिरीवरच्या किर्लोस्कर इंजिनाचा आवाज ऐकण्यात घालवला. ते एवढंच म्हणाले, "एवढा काळा धूर कशाचा रं? डिझेल तर आपणच भरतो ना?" मी हसण्यावारी नेलं.

मी वहीत नोंद ठेवतो, ती सवय जुनी आहे. आधी एका खेपेला जाऊन-येऊन १४ लिटर डिझेल लागायचं. नोझल बदलल्यावर १८ लागायला लागलं. चढावर वाचत होती पाच-सहा मिनिटं. कारखान्यावर जाऊन नंबरला चार-चार तास उभं राहायचं, आणि त्या सहा मिनिटांसाठी चार लिटर डिझेल जाळायचं! आकडे वहीत माझ्याच हातानं लिहिलेले होते, पण बघायचे नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात पोरगा म्हणाला, "मालक, आता इंजिन ऑईल खातच नाही. उलट पट्टीवर वाढलंय." आम्ही दोघं खूश झालो. मंडळी, इथंच थांबायला पाहिजे होतं. इंजिनातलं ऑईल आपोआप कधी वाढत नसतं. पट्टीवर पातळी वर सरकली याचा अर्थ खाली काहीतरी दुसरं उतरतंय, एक तर पाणी नाहीतर डिझेल. आमच्यात डिझेल उतरत होतं. न जळालेलं डिझेल लायनरच्या कडेनं खाली जाऊन ऑईल पातळ करत होतं. पट्टी नाकाशी धरली असती तरी वासानं कळलं असतं.

पुढच्या चार दिवसांत गरमीचा काटा लाल पट्ट्याकडं झुकायला लागला. आणि एका संध्याकाळी त्याच चढावर, निम्म्यावर, इंजिनानं घर्रकन आवाज केला आणि ते जागेवर धरलं. दोन ट्रॉल्या भरलेल्या. मागची ट्रॉली हातभर मागं सरकली. पोरानं ब्रेकवर उभं राहून धरलं, आणि टोळीतल्या दोघांनी पळत येऊन चाकामागं दगड लावले. त्या दोघांतली एक बाई होती, तिचं लहान पोर दहा पावलांवर बांधावर बसलेलं. कुणाला काही झालं नाही. पण ते हातभर अंतर अजून माझ्या डोळ्यापुढनं जात नाही.

इंजिन खोललं. दोन नंबरच्या पिस्टनचं डोकं एका बाजूनं खाल्लेलं, जसं ढेकळाला पाण्याची धार लागावी तसं. लायनरला उभ्या रेघा. बेअरिंगपण गेलेली, कारण पातळ झालेलं ऑईल. मजुरी धरून खर्च पाऊण लाखाच्या घरात गेला.

पण खरा हिशोब दुसरा आहे. आमची टोळी बीडकडची. उचल घेऊन आलेली माणसं. ट्रॅक्टर अकरा दिवस उभा राहिला. तोडलेला ऊस नेणारं वाहन नाही म्हटल्यावर तोडणी बंद. दुसरं वाहन मिळालं ते चार दिवसांनी, तेपण दिवसाआड. ही माणसं टनावर पैसे मिळवतात. बसून राहिलेल्या दिवसाचं त्यांना कुणी देत नाही. मुकादम काही बोलला नाही, नुसता म्हणाला, "मालक, कोयता थांबला की उचल फिटत नाही." किराणा भरून दिला मी. पण तेवढ्यानं भरपाई होत नाही हे त्यालाही माहीत आणि मलाही. चढावर कमीपणा वाटत होता माझ्या मनाला, आणि त्याची किंमत मोजली दुसऱ्यांनी.

पंपवाल्या काकांनी काय दाखवलं

पंप घेऊन सोलापुरात एका जुन्या पंपवाल्याकडं गेलो. साठीतला माणूस, बोलणं कमी. त्यांनी पंप टेस्ट बेंचवर चढवला. तिन्ही नळ्यांखाली काचेच्या मापाच्या नळ्या असतात. पंप ठरलेल्या वेगानं फिरवून हजार झटक्यांत प्रत्येक नळीत किती डिझेल पडतं ते बघायचं. आमच्या पंपाचा मूळ आकडा ५५ सीसी. आमच्या नळ्यांत पडलं ६६, ७४ आणि ६७. दोन नंबरला ७४. पिस्टन कुठला खाल्लेला होता ते आठवा.

मग ते म्हणाले, "नोझल म्हणजे नुसती तोटी. माप ठरवतो पंप." हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. यांत्रिक पंपात दर झटक्याला किती डिझेल जाणार हे पंपाच्या आतला एलिमेंट ठरवतो. नुसतं नोझल मोठं केलं तर डिझेल जवळपास तेवढंच जातं, फक्त कमी दाबानं आणि जाड थेंबांनी जातं. जाड थेंब लवकर जळत नाही. म्हणजे नुसतं नोझल बदलून ताकद वाढत नाही, जळणं मात्र बिघडतं. आमची जी ओढ वाढली होती ती मिस्त्रीनं खोललेल्या स्क्रूची होती. नोझलचा त्यात हात नव्हता.

भोकाचा हिशोबपण बघण्यासारखा आहे. समजा भोक ०.२५ मिलिमीटरचं आहे आणि तुम्ही ०.२८ चं टाकलं. फरक ०.०३ मिलिमीटरचा, डोळ्याला दिसणारसुद्धा नाही. पण भोकाचं क्षेत्रफळ २५ टक्क्यांनी वाढतं. अशी चार-पाच भोकं एका नोझलला असतात. शिवाय नोझलवर जो नंबर असतो त्यात फवाऱ्याचा कोनपण असतो. डीएलएलए १५० असं लिहिलं असेल तर कोन १५० अंश. दुसऱ्या इंजिनाचं नोझल मापानं बसलं आणि कोन वेगळा असला, तर फवारा पिस्टनच्या वाटीत पडायचा तो काठावर नाहीतर लायनरवर पडतो.

मग काकांनी पावतीच्या मागं माझ्याकडनं एक गणित करून घेतलं. ते जसंच्या तसं देतो, कारण सगळी गोष्ट त्यात आहे.

एक लिटर डिझेलचं वजन साधारण ८३० ग्रॅम. एक ग्रॅम डिझेल पुरतं जळायला साडेचौदा ग्रॅम हवा लागते. म्हणजे एका लिटरला १२ किलो हवा. आपल्याकडची हवा घनमीटरला साधारण १.१ किलो भरते. म्हणजे एका लिटर डिझेलला जवळजवळ ११,००० लिटर हवा. आपल्या भाषेत सांगायचं तर पाण्याचे दोन टँकर भरून हवा, एका लिटरमागं!

आता इंजिन किती हवा घेतं? अडीच लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेतं. २००० फेऱ्यांना मिनिटाला १००० श्वास, म्हणजे २५०० लिटर. तासाला दीड लाख लिटर. पण सिलेंडर काठोकाठ कधी भरत नाही, ८५ टक्के धरा. सव्वा लाखाच्या जरा वर. त्याला ११,००० नं भागा : साडेअकरा लिटर. तासाला एवढंच डिझेल त्या हवेत जळू शकतं, तेही कागदावर. प्रत्यक्षात थेंबाथेंबापर्यंत हवा पोचत नाही, म्हणून पाचवा हिस्सा तरी हवा जादा लागते. मग उरतं साडेनऊ-दहा लिटर. आता कंपनीचा आकडा बघा. ५५ सीसीनं तासाला होतं ९.९ लिटर. कंपनीनं पंपाचा आकडा हवेच्या मापानं ठरवलेला होता. आणि आमचा? सरासरी ६९, म्हणजे जवळजवळ साडेबारा लिटर. साडेअकराच्या हवेत साडेबारा लिटर डिझेल! उरलेलं कुठं जाणार? थोडं काजळी होऊन वर, थोडं ऑईलमध्ये खाली. तात्यांचा प्रश्न बरोबर होता. धूर आम्हीच भरत होतो.

डिझेल इंजिनाची गंमतच ही आहे. त्यात ठिणगी देणारा प्लग नाही. हवा सतरा-अठरा पट दाबायची, ती इतकी तापते की डिझेल फवारलं की पेटतं. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्गला हे यशस्वी करून दाखवलं, आणि तत्त्व अजून तेच आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर श्वासाला हवा ठरलेलीच घेतं, कमी-जास्त करतो ते आपण डिझेल. त्यामुळं ताकदीची वरची हद्द हवा ठरवते. आणि ती हवा उन्हाळ्यात आणखी विरळ होते. २० अंशाच्या हवेपेक्षा ४२ अंशाची हवा सात टक्क्यांनी हलकी असते. थंडीत सेट केलेला वाढीव पंप मे महिन्याच्या नांगरटीला आणखी काळा धूर मारतो तो त्यामुळं.

मग पुन्हा कसं बसवलं

क्रम लिहून ठेवतो, कारण क्रम चुकला की सगळं चुकतं. नोझल नुकतंच बदललेल्यांनीपण ह्याच क्रमानं तपासून घ्यावं.

१. आधी हवा. एअर क्लीनर, त्याचा पाइप, क्लॅम्प. आमच्या क्लीनरात उसाच्या पाचटाचा भुगा आणि धूळ मिळून लगदा झाला होता. कित्येकांची "ओढ कमी झाली" ही तक्रार इथंच मिटते.

२. टॅपेट पुस्तकातल्या मापाला, आणि कॉम्प्रेशन तपासणं. कॉम्प्रेशन गेलेल्या इंजिनाला नोझलचं औषध चालत नाही.

३. इंजेक्टर हातटेस्टरवर. उघडण्याचा दाब तिन्हींचा सारखा पाहिजे. किती, ते आपापल्या पुस्तकात बघा, बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांना २०० बारच्या आसपास असतो. फवारा धुक्यासारखा यावा, बारीक कुर्र आवाज यावा, बंद झाल्यावर टोकाला थेंब लोंबू नये. आमचा दोन नंबर ठिबकत होता.
इथं एक जिवावरची गोष्ट : फवाऱ्यापुढं बोट धरू नका. २०० बार म्हणजे मागच्या टायरमधल्या हवेच्या शंभरपटीच्या वर. डिझेल कातडी फोडून आत जातं. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, पण बोट जाऊ शकतं. असं झालं तर वाट न बघता तडक दवाखाना.

४. पंप बेंचवर. तिन्ही नळ्यांत माप सारखं पडलं पाहिजे. एकात जास्त, एकात कमी असलं की इंजिन थरथरतं आणि जास्तवाला सिलेंडर तापतो.

५. टायमिंग. पंपाच्या पहिल्या तोंडाला वाकडी नळी लावून डिझेलची धार तुटते तो क्षण फ्लायव्हीलवरच्या खुणेशी जुळवायचा. डिझेल लवकर पडलं तर इंजिन ठोकतं, उशिरा पडलं तर धूर आणि गरमी वाढते. नोझल बदललं आणि टायमिंग बघितलंच नाही, असं आपल्याकडं सर्रास होतं.

६. शेवटी स्क्रू. तो सगळ्यात शेवटी, आणि पुस्तकातल्या आकड्याला. काकांनी बसवून वर सील मारलं. म्हणाले, "हे तुटलेलं दिसलं तर परत माझ्याकडं येऊ नका."

७. त्यानंतर पंधरा दिवस रोज ऑईलची पट्टी, पाण्याचा काटा आणि खेपेला डिझेल, तिन्ही वहीत. पट्टीवर ऑईल वाढलं तर गाडी तिथंच उभी.

धुराचा रंगपण ध्यानात ठेवा. काळा : डिझेल जास्त नाहीतर हवा कमी. निळा : ऑईल जळतंय. पांढरा : डिझेल न जळता बाहेर येतंय, इंजिन गार असताना थोडा चालतो, गरम झाल्यावर नाही.

नवीन ट्रॅक्टरवाल्यांसाठी एक गोष्ट. जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे नियम कडक झाले, त्यामुळं त्यात बरेचसे कॉमन रेलचे आले. तिथं वरचं उलटं होतं. दाब रेलमध्ये कायम असतो आणि इंजेक्टर किती वेळ उघडायचा हे कॉम्प्युटर ठरवतो, म्हणून मोठं नोझल टाकलं की खरोखरच डिझेल जास्त जातं. शिवाय बऱ्याच गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरचा कोड कॉम्प्युटरला द्यावा लागतो. गावातल्या पान्यानं करायचं हे काम नाही.

आणि टर्बो? टर्बो म्हणजे हवा कोंबणारा पंखा, त्यानं हवा खरंच वाढते. पण कंपनी टर्बोचं इंजिन देते तेव्हा पिस्टन, ऑईल, रेडिएटर, क्लच सगळं त्या हिशोबानं देते. आपण वरून डकवलेल्या टर्बोला खालचं जुनंच असतं. ब्रेकपण जुनेच असतात, हे मी त्या चढावर शिकलो.

ज्यांना जास्त ओढ खरोखरच पाहिजे त्यांनी ट्रॅक्टर घेतानाच बघावं. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते. त्या अहवालात पीटीओला किती हॉर्सपॉवर मिळाली आणि तासाला किती डिझेल लागलं हे छापलेलं असतं. बॉनेटवरच्या आकड्यापेक्षा तो आकडा विचारा.

आता आमच्या चढाचं काय केलं, ते सांगून थांबतो. वर रस्त्याच्या कडेला शेजाऱ्याची थोडी पडीक जागा आहे. त्याला विचारलं, तो हो म्हणाला. आता एक ट्रॉली खाली सोडायची, दुसरी वर नेऊन तिथं उभी करायची, परत खाली येऊन पहिली आणायची, आणि वर दोन्ही जोडून निघायचं. पंचवीस मिनिटं जास्त जातात. खेपेला डिझेल साडेतेरा-चौदा लिटर, गरमीचा काटा मध्यावर, ऑईल पट्टीवर जिथल्या तिथं. मूळ मापाचं नोझल, मूळ आकड्याचा पंप.

सुरुवातीला पोरगा नाराज होता, लोक हसतील म्हणून. पहिल्या दिवशी दोघं-तिघं हसलेपण. आठवड्यानं मागून येणारा एक ट्रॅक्टरवाला खाली उतरला, जरा वेळ बघत उभा राहिला, आणि त्यानंपण मागची ट्रॉली खाली सोडली.

हंगाम संपून टोळी परत निघाली तेव्हा मुकादमाला अकरा दिवसांच्या अंदाजानं जमतील तेवढे पैसे दिले. पुढच्या साली येणार का, विचारलं. तो ट्रॅक्टरकडं बघून म्हणाला, "तो आधीचा धूर नसला तर येऊ."